ओडेराचा नकार

आमच्या सरोवरकाठी आवई उठली, की नवऱ्याला सवतीच्या घरात पकडायचं म्हणून आवुओर त्याचा फोन कुठे आहे ते काढायला होमा बे गावच्या फोन कंपनीत गेली आहे. ओमेनाची बारीक मासळी वाळत घालता घालता बायकांनी सवतीचा रंगसुद्धा ठरवून टाकला. आमच्याकडे मासळीआधी गप्पा सुकून तयार होतात!

खरं काय ते दुपारी कळलं. तिच्या नवऱ्याची, ओडेराची, होडी रिकामीच वाहत पलीकडच्या काठाला लागली होती. तो गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा तो फोन मात्र लावला की वाजत होता, फक्त उचलत कुणी नव्हतं. बुडालेला फोन वाजत नाही. म्हणजे माणूस कुठल्यातरी बेटावर पडला असणार. पण सरोवरात बेटं काय एक-दोन आहेत?

"मावशी, ज्याचा फोन त्याच्या संमतीशिवाय जागा सांगता येत नाही," कंपनीतला पोरगा म्हणाला. "कायदा आहे. आणि यांनी तर नकार दिलाय."

नकार दिला होता खरा. मागे फोननं विचारलं होतं, 'तुम्ही कुठे आहात ते कळू द्याल?' काठावरच्या एकूण एक कोळ्यानं 'नाही' दाबलं. मासा कुठे लागतो ते सख्ख्या भावाला न सांगणारी जात, कंपनीला सांगणार? ओडेराला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याचं 'नाही' आवुओरनंच दाबलं. वर खिदळली, "आता तुझी जागा देवालाही कळायची नाही!"

"मीच दाबलं होतं रे बाबा, याच अंगठ्यानं! आता 'हो' दाबते."

"ते त्यांनीच दाबायला हवं, त्यांच्या फोनवर. नाहीतर पोलिसांचं पत्र आणा."

पोलिस म्हणाले, साहेब उद्या येतील. दुसऱ्या दिवशी साहेब आले, तोवर फोन वाजायचा थांबला होता. शोधायला गेलेल्या होड्या रिकाम्या फिरून आल्या.

मग थोरले सासरे ओगुटू चादरीत गुंडाळलेलं यागोच्या झाडाचं लांबोडं फळ घेऊन अंगणात आले. मागे खड्डा खणणारे.

"पोरी, हट्ट सोड. प्रेत मिळालं नाही तर त्याच्या जागी हे पुरायचं, ही रीत आहे. तो गेला."

आवुओरनं फळाकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्याकडे.

"मामंजी, तो कुठे आहे हे त्याला विचारल्याशिवाय कुणी सांगेना. मग तो मेला, हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत?"