फुलदाणीतला कापूस

घर शांत दिसावं म्हणून बैठकीच्या खोलीत मी फार थोडं ठेवलंय. वेताची खुर्ची, भिंतीवर एक सूप, पितळी कळशीत वाळलेलं गवत आणि मातीच्या उंच फुलदाणीत बोंडांसकट कापसाच्या काड्या.

परवा आई राहायला आली. काल संध्याकाळी ऑफिसातून परतले, तर बोंडं रिकामी! आईनं सरकी वेगळी काढून देवासाठी वाती वळल्या होत्या. "इतका चांगला कापूस नुसता उभा होता गं," ती खुशीत म्हणाली.

"आई, तो शोभेचा होता!" माझा आवाज चढलाच.

ती गप्प झाली. तिची नजर सुपावरून कळशीवर गेली आणि तिच्यामागोमाग माझीही. सुपात धान्य नाही, कळशीत पाणी नाही. घर शांत करता करता मी एकेका वस्तूचं काम काढून घेतलं होतं. ही शांतता म्हणायची, की सगळ्यांना गप्प बसवणं?

आई खुर्चीच्या कडेला सरकली आणि हळूच म्हणाली, "ही खुर्ची तरी बसायची आहे ना गं?"