मामांची लाल शाई

ज्या गोष्टीचा कागद नाही ती गोष्ट या जगात घडलेलीच नाही, असं माझ्या मामांचं ठाम मत होतं. सूर्य रोज उगवतो हे त्यांना मान्य होतं, पण ते कॅलेंडरवर वेळेसकट छापलेलं असतं म्हणून. गल्लीत कुणी वारलं तर मामा सगळ्यांच्या आधी धावत, खांदा देत, डोळे पुसत आणि परत येताना घरच्यांना हळूच विचारत, "दाखल्याचं कोन बघनार हाय?" आईचे ते धाकटे भाऊ. लातूरच्या कचेरीत शिपाई होते; तिथं एक खोली होती, पण सुट्टी कायम आमच्याच वस्तीत. खांद्याला कायम एक खाकी पिशवी, आणि तिच्यात घरातल्या प्रत्येक माणसाच्या प्रत्येक कागदाच्या तीन-तीन सत्यप्रती, सही-शिक्क्यासकट. आमच्या शेळीच्या लसीची पावतीसुद्धा त्या पिशवीत होती. उद्या शेळीला कुणी विचारलं तर तिनं काय दाखवायचं, असं ते म्हणत आणि अजिबात हसत नसत.

त्यांचा दुसरा दागिना म्हणजे लाल शाईचं पेन. बदली होऊन गेलेले कुणी साहेब ते टेबलावर विसरून गेले होते. लाल शाईनं लिहायचं ते साहेबांनीच, असा कचेरीतला शिरस्ता. त्यामुळे मामांनी तो हक्क कचेरीबाहेर बजावायला सुरुवात केली. लग्नपत्रिका आली की आधी तिच्यातल्या चुका लाल व्हायच्या, मग लग्नाला जायचं की नाही ते ठरायचं. वस्तीतल्या विहाराच्या फळ्यावर खडूनं लिहिलेली सूचनाही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. खडूवर पेन चालत नाही म्हणून लाल खडूचा एक तुकडा त्यांनी वेगळा जपला होता. सहावीत मी ‘माझे मामा’ असा निबंध लिहिला, तर ‘माझे मामा शिपाई आहेत’ या वाक्यावर आडवी रेघ मारून त्यांनी वर लिहिलं, ‘वर्ग चार कर्मचारी’. खाली पूर्ण सही आणि तारीख. गुरुजींनी मला दहापैकी सहा दिले आणि मामांना काहीच दिलं नाही, याचं त्यांना फार दिवस वाईट वाटत होतं.

अशातच लातूर जिल्हा झाला. आमचं गाव मुरुडजवळ, म्हणजे तोवर आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. बातमी आली त्या दिवशी मामांनी अख्ख्या वस्तीत गूळ वाटला, आणि वाटताना चेहरा असा, की जिल्ह्याची फाईल यांनीच वर पाठवली होती. त्यानंतर लाल पेनाला उसंत राहिली नाही. रेशनकार्ड, पोस्टाची पाकिटं, पिठाच्या गिरणीची पाटी, जिथं जिथं ‘जि. उस्मानाबाद’ दिसेल तिथं रेघ मारायची आणि वर ‘लातूर’ लिहायचं. आईच्या लग्नातल्या पितळी घागरीच्या गळ्यावर नाव-गाव कोरलेलं होतं. भांड्यांवर नावं घालणारा वस्तीत आला तेव्हा मामांनी त्याला घागरीपुढे बसवलं. तो म्हणाला, पितळेवरचं खोडता येत नाही. "मग आडवी रेघ मार आन् वर लिही," मामा म्हणाले. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. विहिरी तळाला गेलेल्या, टँकर येईल तेव्हा येईल. आई वैतागून म्हणाली, "आरं, दोन म्हैने झाले घागर भरली न्हाई, आन् तू तिचा पत्ता बदलाय लागलास?" मामा शांतपणे म्हणाले, "अक्का, उद्या पानी आलं तर त्याला पत्ता नको का?" आईनं तोंडाला पदर लावला आणि ती हसत आत गेली.

त्याच उन्हाळ्यात मी बारावी पास झाले. आमच्या घरात बारावी बघितलेलं माणूस मी पहिलीच. कॉलेजं लातूरलाही होती, पण मामांनी नांदेड ठरवलं. "शिक्षन लातूरला बी हाय," ते म्हणाले, "पर पानी नांदेडला हाय. आन् तिथल्या मुलींच्या वसतिगृहात दोन टाइम जेवन फुकट हाय. पोरगी शिकंल बी आन् जगंल बी." वडील रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जात होते. ते फार बोलत नसत. एवढंच म्हणाले, "ॲडमिशन झालं तर शीक, बाई. न्हाई झालं तर सोमवारपासून माझ्यासंगं कामावर ये. घरात बसून भागायचं न्हाई." रागानं नव्हे, जे होतं ते सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र त्या सोमवारानं घर केलं.

पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशाला निळं आणि लाल अशी दोन पेनं, मांडीवर पिशवी. अहमदपूर मागे पडलं, लोहा मागे पडलं, तरी ते कागद मोजतच होते. नांदेडला उतरून कॉलेजात पोचलो तर आवारात दोन-तीन नळ होते, आणि त्यांना पाणी होतं. मामांनी चपला काढून ठेवल्या, ओंजळभर पाणी प्यायले, तोंड पुसलं. मग शेजारचा एक नळ कुणीतरी ठिबकत ठेवला होता तो घट्ट बंद केला, आणि तिथं उभ्या असलेल्या तीन पोरांना विचारलं, "कुन्या गावचे रे तुमी?" जणू गावाचं नाव कळलं की तिथं कळवणार होते.

खिडकीपुढे दोन तास रांगेत काढले. आत चष्मेवाले एक कारकून होते. त्यांनी माझे कागद एकेक करून उलटले. गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. मामांच्या चेहऱ्यावर, आपण रांधलेलं पाहुणा चवीनं खातोय हे बघणाऱ्या सुगरणीचं समाधान. मग टीसी आली आणि कारकुनाचा हात थांबला.

"हे काय आहे?"

टीसीवर जन्मस्थानापुढे शाळेनं निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘जि. उस्मानाबाद’. त्यावर एक सरळ, सुबक लाल रेघ. वर ‘लातूर’. बाजूला ‘दुरुस्त केले’, सही, तारीख.

"कुणी केलं हे?"

"म्या," मामा म्हणाले. आवाजात अभिमान होता हो, अगदी स्पष्ट.

"तुम्ही कोण?"

"मामा."

कारकुनानं चष्मा काढला. "अहो मामा, काय करून राहिले तुम्ही? ही मूळ टीसी आहे. हिच्यावर हेडमास्तरसुद्धा असं लिहू शकत नाही. पोरगी जन्मली तेव्हा जिल्हा कोणता होता? मग तोच राहणार. आता खाडाखोड झाली, हा कागद गेला." आणि माझ्याकडे बघून थोड्या मऊ आवाजात म्हणाले, "उद्या पाच वाजता यादी बंद होते बेटा. शाळेतून सही-शिक्क्याची दुय्यम प्रत आणा, मी घेतो. त्याच्यापलीकडे माझ्या हातात काही नाही."

मला सोमवार दिसला. खडी दिसली. खिडकीपासून बाजूला येऊन मी त्या नळांजवळ, भर गर्दीत मामांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. म्हणाले, "तुमच्या त्या जिल्ह्यापायी माझं शिक्षण गेलं! लिहा आता लाल शाईनं, ‘हिचं वाटोळं मी केलं’ म्हणून. खाली सही करा!"   मामांनी ती टीसी घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "चल. तुला ठेवून येतो आन् जातो."

ठेवलं ते त्यांच्या जुन्या कचेरीतल्या एका सोबत्याच्या घरी. चाचा ड्यूटीवर गेले होते, घरात चाची होत्या. मामांनी उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं, चहासुद्धा घेतला नाही, आणि दुपारच्या एसटीला धावले. चाचींनी माझे लाल डोळे बघितले आणि एक भरलेली बादली मोरीत ठेवली. "पयले नहा ले बेटी, रोना बाद में." मोरीतली परात घेऊन मी आमच्याकडच्यासारखी, पाणी साठावं म्हणून तिच्यात बसून अंघोळ केली, ती अर्ध्याच पाण्यात, आणि परातीतलं साबणाचं पाणी जपून घेऊन बाहेर आले. विचारलं, "चाची, हे कोणत्या झाडाला घालू?" चाची माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पदरानं माझंच डोकं पुसलं आणि म्हणाल्या, "घाबरू नको. तुझे मामू आयेंगे. वो आदमी कागज के बगैर आताच नहीं."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी खिडकीसमोरच्या कट्ट्यावर बसून होते. बारा वाजले, दोन वाजले, रांग आखडत गेली. चार वाजता मी मनातल्या मनात खडी फोडायला लागले होते. आणि साडेचारच्या पुढे फाटकातून मामा पळत आले. कमरेपासून खाली चिंब भिजलेले! आमच्या सगळ्या मुलखाला दोन वर्षं पाणी दिसलं नव्हतं आणि हा माणूस निथळत येत होता. एसटी लोह्याजवळ पंक्चर झाली, तेव्हा ते नांदेडला पाणी भरायला परत निघालेल्या टँकरवर चढले होते. आत जागा नव्हती म्हणून मागं, टाकीच्या तोटीपाशी उभं राहून आले, आणि टाकीत तळाला उरलेलं पाणी वाटभर त्यांच्या अंगावर आलं. "लई वाया गेलं गं पानी," पोचल्यावर त्यांचं हे पहिलं वाक्य. टीसी मात्र कोरडी ठणठणीत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून टोपीत ठेवली होती.

कारकुनानं ती उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "जन्मस्थान, जिल्हा उस्मानाबाद." माझं लक्ष मामांच्या खिशाकडे गेलं. तिथं फक्त निळं पेन होतं.

"मामा, लाल पेन?"

"हेडमास्तरांपाशी ठेवून आलो." ते खाली बघत म्हणाले, "चार-पाच घंटे कागद माझ्यापाशीच राहनार. हाताचा काय भरवसा."

माझा सगळा राग तिथंच गळून पडला. मी त्यांचा ओला हात धरला आणि रडले, आणि कारकुनानं ते न बघितल्यासारखं करून प्रवेशाचा अर्ज पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता, सध्याचा पत्ता. गाव लिहिलं, तालुका लिहिला, आणि जिल्ह्यापाशी माझं पेन थांबलं. कारकून मामांकडे बघून म्हणाले, "इथं लातूरच लिहायचं बरं का. हा आत्ताचा पत्ता आहे." मामांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "म्हनजे रकाना हाय त्याला! म्या चुकीच्या जागी लिव्हलं व्हतं," ते म्हणाले. "लिही बाई. तू लिही." मी लिहिलं. शिक्का पडला तेव्हा पाचाला सात मिनिटं होती.

सोमवारी मी वसतिगृहात होते. मामांनी माझी ट्रंक लावून दिली, मजल्यावरचे सगळे नळ एकदा तपासून घट्ट केले, आणि वॉर्डनबाईंना माझ्या सगळ्या कागदांच्या सत्यप्रतींचा एक संच, त्यांनी मागितला नसताना, दिला. जाताना पाच लिटरचा एक कॅन नळाखाली भरून घेतला. म्हणाले, "अक्काची घागर कोरडी पडली. तेवढीच वली करतो." पुढे आईनं सांगितलं, ते पाणी घागरीत ओतून त्यांनी आधी गळ्यावरचा नवा पत्ता पुसून लखलखीत केला. आणि वडिलांना म्हणाले, पोरगी मार्गी लागली, आता तुमी उगं काळजी करू नका.

लाल पेन मात्र त्यांनी हेडमास्तरांकडून कधी परत आणलं नाही. लग्नपत्रिका चुकांसकट यायला लागल्या, विहाराच्या फळ्यावर कुणी काहीही लिहू लागलं. मामा वाचत आणि गप्प बसत. मला ते बघवत नसे. मीच ओरडले होते ना. शिकून मला नांदेडातच नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून मी त्यांना लाल शाईचं नवं पेन नेऊन दिलं. त्यांनी ते खिशाला लावलं, टोपण काही उघडलं नाही.

नंतर एकदा लातूरला गेले तेव्हा त्यांच्या खोलीत भिंतीवर माझी पदवी लावलेली दिसली. काचेत, फ्रेममध्ये. जवळ जाऊन बघते तर माझ्या नावाखाली लाल अक्षरांत, सुबक, ‘जि. लातूर’. खाली पूर्ण सही आणि तारीख. मी दचकून मागे वळले. मामा दारात उभे होते, आणि घाईघाईनं दोन्ही हात हलवत म्हणाले, "घाबरू नको, माय. झेरॉक्स हाय."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. दाखल्याचं मीच बघितलं, तीन सत्यप्रती काढल्या. ती फ्रेम माझ्या घरात आहे. मूळ पदवी कुठल्या कपाटात आहे, ते मला शोधावं लागेल.