शकीलामावशीला घेऊन बोरांच्या मळ्यात

बँकेतल्या एका मैत्रिणीने मोबाईलवर फोटो ठेवले होते. डोक्यावर टोपी, हातात वेताची परडी, मागे लालबुंद बोरांनी वाकलेलं झाड. खाली लिहिलं होतं, 'आपण तोडा, आपण न्या!' मी ते फोटो आईला दाखवले. ती भाजी निवडत होती. "कुठे हे?" म्हणाली. मी गावाचं नाव सांगितलं, तशी तिच्या हातातली मेथी तिथेच राहिली.

"हा तर नानांचा मळा."

माझी आई, सुमन, त्याच गावची. धुळे जिल्ह्यात, चिमठाण्यापासून आत. पुढे ती शिकली, नर्स झाली, जळगावच्या सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झाली. आता सत्तरीला टेकली आहे. आजोबा गेल्यावर गावातलं घर पडलं आणि तिचं जाणं थांबलं. लहानपणी ती बोरं तोडायला जायची एवढं मला ठाऊक होतं. कुणाच्या मळ्यात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"जायचं का?" मी विचारलं.

आईने पुन्हा मेथी हातात घेतली. जुडी निवडून झाल्यावर म्हणाली, "जाऊ. पण शकीलाला घेऊन." शकीलामावशी तिची लहानपणची मैत्रीण, आता दोंडाईच्याला असते.

जानेवारीतला शनिवार धरून निघालो. वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवते: बोरांसाठी डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारीची सुरुवात हाच काळ. फोन करून आधी कळवावं लागतं, कारण ते एका दिवशी मोजक्याच लोकांना घेतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. बोरीला काटे असतात हे शहरातल्या लोकांना झाडाखाली गेल्यावरच आठवतं.

जळगाव ते धुळे रस्ता आता चांगला झालाय. एरंडोल, पारोळा करत दोन तासांत आरामात पोचता येतं. पारोळ्याला चहाला थांबलो. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली शेतं, मध्येच हरभरा, कुठे मका. थंडी अजून अंगाला लागत होती आणि उन्हात उभं राहिलं की बरं वाटत होतं. आई खिडकीतून बाहेर पाहत राहिली. एरवी गाडीत बसली की अर्ध्या तासात झोपणारी बाई!

मुक्काम धुळ्यात, देवपूरला माझ्या भावाकडे. तुमचं कोणी नसेल तर धुळ्यात राहायला परवडणारी हॉटेलं पुष्कळ आहेत. संध्याकाळी वहिनीने भरताची वांगी भाजली, वर कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी. बाहेर खायचं असेल तर शेवभाजी मागवा, पण तिखट झेपत असेल तरच.

रविवारी सकाळी निघून सोनगीरला महामार्ग सोडला आणि दोंडाईच्याचा रस्ता धरला. इथून पुढे रस्ता अरुंद, मधूनमधून खड्डे. गाडी सावकाश चालवावी लागते, आणि बहुतेक त्यामुळेच आई बोलायला लागली.

शकीलामावशीचे वडील बागवान. मोहोराच्या वेळीच झाडावरचं फळ ठेक्याने घ्यायचे आणि हंगाम संपेपर्यंत सगळं कुटुंब मळ्यात झोपडी घालून राहायचं. तोडणीला गावातल्या बाया आणि पोरी लागत. आजीबरोबर आई जायची. शकीला तिच्याच वयाची. ठेकेदाराची मुलगी म्हणून तिला कोणी काम सांगायचं नाही, तरी ती आईच्या शेजारी येऊन तोडत बसायची. मजुरांनी बोर तोंडात टाकायचं नाही, असा नियम होता. शकीला इकडेतिकडे बघून आईच्या मुठीत एक बोर कोंबायची.

"आणि पाणी?" आई म्हणाली. मी पाण्याबद्दल काही विचारलं नव्हतं. "विहिरीपाशी मळ्याच्या मालकांचा माठ होता. आम्ही खाली बसायचं, ओंजळ धरायची. मालकाचा मुलगा वरून तांब्याने पाणी सोडायचा. आम्ही बौद्ध ना. ओंजळीला तांब्या लागता कामा नये. निम्मं पाणी कोपरावरून वाहून जायचं. मग शकीलाच्या आईने मला सांगितलं, आमच्या झोपडीत येत जा, आपल्या हाताने घेत जा. तेव्हापासून मी त्यांच्याकडेच प्यायचे."

चिमठाणं मागे गेलं.

मळा वाटेतच लागतो, पण आधी पुढे दोंडाईच्याला जाऊन मावशीला घ्यायचं होतं. स्टेशनच्या बाजूला, मिरच्यांचा खकाणा नाकात जाणाऱ्या एका गल्लीत तिचं घर. तिचा मुलगा इरफान दारातच उभा होता. त्याचाही फळांचाच धंदा.

"खाला, मला जरा भीती वाटते," तो आईला म्हणाला. "अर्धांगवायूचा झटका आल्यापासून दवाखाना सोडला तर अम्मी कुठे गेली नाही. उजवा हात उचलत नाही. बोलतेही थोडंच. लोकांसमोर शब्द अडला की रडते."

"मी नर्स होते, बाळा," आई म्हणाली. "आणि ती रडली तर मी आहे ना शेजारी."

शकीलामावशी खाटेवर तयार होऊन बसली होती. हिरवी साडी, वर मुलाचं स्वेटर. आईला पाहिल्यावर तिचे ओठ हलले, पण 'आलीस का तू' एवढं अहिराणीत म्हणायला तिला वेळ लागला.

"ऊनी... का... तू?"

"ऊनी ना," आई म्हणाली. "चाल, मळामा जावानं शे."

मावशीने आईच्या केसांकडे पाहिलं. "म्हतारी... हुई गयी."

"आणि तू काय पोर राह्यनी का?"

दोघी हसल्या. इरफानने मान फिरवून डोळे पुसले आणि काठी गाडीत ठेवायला गेला.

मळ्याबद्दल कामाची माहिती एकदम सांगते. मुख्य रस्त्यापासून आतला रस्ता कच्चा आहे, पण गाडी जाते. प्रवेशाचे माणशी शंभर रुपये, त्यात चहा आणि हुरडा असेल तर हुरडा. तोडलेलं फळ वजनावर, दर बाजारापेक्षा थोडा चढा. बोरं, पेरू, आणि बांधाच्या पलीकडे शेवंती, झेंडू, गुलाब. फुलांसाठी कात्री ते देतात. स्वच्छतागृह स्वच्छ आहे. पायाने अधू माणूस सोबत असेल तर आधीच सांगा, ते झाडाखाली खुर्ची ठेवतात.

खुर्ची ठेवली ती पल्लवीने. ही या घरची नातसून, तिशीतली, बोलायला गोड. मळा लोकांसाठी उघडायची कल्पना तिचीच. तिने आम्हाला आणि धुळ्याहून आलेल्या एका कुटुंबाला पडवीत बसवलं आणि सुरुवात केली, "हा मळा आमच्या आजेसासऱ्यांनी, नानांनी, स्वतःच्या हातांनी उभा केला. जळगावच्या मेहरूणहून बोरीच्या फांद्यांवरचे डोळे आणून कलमं बांधली..."

मी आईकडे पाहिलं. ती शकीलामावशीचं स्वेटर नीट करत होती.

पडवीच्या कोपऱ्यात खाटेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पांढरं धोतर, कानटोपी. पल्लवीचे सासरे, आबा. त्यांनी आईला सहज विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"याच गावनी शे," आई म्हणाली. "लक्ष्मणनी पोर. सुमन."

आबांनी कानटोपी काढली. "खड्डा खंदे, तो लक्ष्मण?"

"हां. या बोरीसना बठ्ठा खड्डा मन्हा बापनी खंदेल शेतस."

या बोरींचे सगळे खड्डे माझ्या बापाने खणलेत. पल्लवी बोलता बोलता थांबली. तेवढ्यात धुळ्याच्या मंडळींपैकी कुणीतरी पाणी मागितलं आणि पल्लवी उठली.

"तू बस," आई तिला म्हणाली. "माझं मी घेते."

"अहो काकू, मी देते ना."

"नको गं."

आई सरळ आत गेली. दारातून मला दिसत होतं. ओट्याच्या बाजूला तिवईवर माठ होता. तिने झाकण काढलं, ओगराळं बुडवलं, पेला भरला आणि उभ्यानेच, सावकाश प्यायली. मग दुसरा पेला भरून शकीलामावशीसाठी घेऊन आली. पल्लवीला त्यात वेगळं काही दिसलं नसावं. शकीलामावशी मात्र आईच्या हातातल्या पेल्याकडे पाहत राहिली, आणि आबाही.

मावशीला पाणी पाजून आई खाली बसली तेव्हा आबा हळूच म्हणाले, "बैन, तव्हय तुम्हले पानी मीच वाढू."

तेव्हा तुम्हाला पाणी मीच वाढायचो. आई उठेल, निघून जाईल, काहीतरी बोलेल, असं वाटलं. तिने फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

"माले याद शे," ती म्हणाली.

"मालेबी," आबा म्हणाले. हातातली कानटोपी ते नुसती फिरवत राहिले. धुळ्याच्या कुटुंबातली छोटी मुलगी हुरडा कधी मिळणार म्हणून विचारत होती. तेवढ्यात शकीलामावशीने काठी फरशीवर आपटली.

"बोरं!" ती म्हणाली. एकच शब्द, पण ठणठणीत.

आबासुद्धा हसले. आम्ही उठलो.

बोरीची झाडं दरवर्षी छाटतात, म्हणून ती फार उंच होत नाहीत, पण खोडं चांगलीच जाड. फांद्या जमिनीपर्यंत लवलेल्या. जवळ गेलं की आंबटगोड वास, आणि पायाखाली पडलेल्या बोरांवर मुंग्यांची रांग. पल्लवीने आम्हाला परड्या दिल्या आणि फांदी हलवू नका, कच्चं पडतं, एवढं बजावलं. पहिल्या पाच मिनिटांत माझी ओढणी काट्यात अडकली आणि बोटाला रक्त आलं. आई परडी कमरेला टेकवून पुढे सरकत होती, जणू काल सोडलेलं काम आज पुढे चाललंय.

शकीलामावशी खुर्चीवर बसली होती. तिने डावा हात पुढे केला, पण फांदी धरली तर बोर तोडता येईना. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. दोनदा प्रयत्न करून तिने हात मागे घेतला. ओठ थरथरायला लागले. इरफान म्हणाला होता तसं होणार, असं मला वाटलं.

आईने परडी खाली ठेवली, मावशीच्या शेजारी गेली आणि फांदी वाकवून तिच्यासमोर धरली. काटे तिच्या मनगटात रुतत होते.

"हां, आते तोड."

मावशीने एक बोर तोडलं. मग दुसरं. चांगला रंग आलेलं, टणक, एका बाजूला पिवळं असं एक तिने बराच वेळ शोधून काढलं, आणि इकडेतिकडे न बघता, सगळ्यांसमोर, आईच्या तोंडात घातलं.

आईने डोळे मिटून ते खाल्लं. बी थुंकायची तिला घाई नव्हती. पुढे दोघींनी मिळून अर्धी परडी भरली, एकीने फांदी धरायची आणि दुसरीने तोडायचं. गप्पा चालल्याच होत्या. मावशीचा शब्द अडला की आई थांबायची, पुरवायची नाही. कुठल्यातरी कडुबाईची गोष्ट निघाली, ती परकरात बोरं लपवून पळाली आणि ओढ्यात पडली. मावशी इतकी हसली की खुर्ची डगमगली.

नंतर फुलांकडे गेलो. मी पिवळी शेवंती कापत होते, घरातल्या बुद्धमूर्तीसमोर ठेवायला आईने सांगितली होती. मावशीने सुनेसाठी गुलाब निवडले. बांधापलीकडे नवीन मंडळी आली होती आणि पल्लवीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"...हा मळा नानांनी उभा केला. आणि या बोरींचे सगळे खड्डे लक्ष्मणबाबांनी खणले. ते याच गावचे."

आईची कात्री थांबली. तिने वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने पुढचं फूल कापलं.

निघताना आबा काठी टेकत गाडीपर्यंत आले. "येत जा," एवढंच म्हणाले. आईने मान हलवली. हो म्हटलं की नाही, मला कळलं नाही.

दोंडाईच्याला इरफानने अम्मीच्या डाव्या हातावरचे ओरखडे पाहिले आणि घाबरला. "अम्मी, ये क्या हुआ?" मावशीने तो हात वर करून सुनेला, शेजारणीला, सगळ्यांना दाखवला. जेवल्याशिवाय आम्हाला सोडलं नाही. धुळ्याला न थांबता आम्ही दिवेलागणीला जळगावात पोचलो.

दोन दिवस आईचं मनगट सुजलं होतं. एका संध्याकाळी तेल लावताना मी विचारलंच, "तुला आबांचा राग नाही आला?"

"आला ना. तिथेच आला."

"मग काही बोलली का नाहीस? त्यांनी माफीसुद्धा मागितली नाही."

"इतकी वर्षं मला वाटायचं, ते फक्त मलाच आठवतंय. त्यांच्या लेखी ते कधी घडलंच नसेल. म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बाबांनाही नाही." तिने हात सोडवून घेतला. "त्यालाही आठवतं. मला तेवढं पुरलं."

मला पुरलेलं नाही, खरं सांगायचं तर. पण मळा सुंदर आहे, पल्लवीचं काम मनापासून आहे, आणि तुम्ही जरूर जा. गेलात तर तिने झाडांबद्दल सांगितलेलं शेवटपर्यंत ऐका.

उरलेली बोरं आईने गच्चीवर वाळत घातली आहेत, बोरकुटासाठी. परवा सकाळी चहा घेऊन वर गेले, तर ती उन्हात बसून फोनवर शकीलामावशीशी अहिराणीत बोलत होती. आम्हा भावंडांना तिने ती भाषा कधी शिकवली नाही. पलीकडून एकेक शब्द सावकाश येत होता. तो पुरा होईपर्यंत आई थांबत होती, आणि पुरा झाला की खळखळून हसत होती. मला निम्मंच कळलं. चहा कठड्यावर ठेवला आणि मी खाली आले.