दुसरा खोकला

आमचे मालक वारले आणि दुसऱ्याच दिवशी म्हशीनं पान्हा चोरला. घरात माणसं मावत नव्हती, रडारड चाललेली, आणि गोठ्यात ही बया कास तट्ट फुगवून उभी. मी चरवी घेऊन बसले. सडांना पाणी मारलं, गोंजारलं, शेवटी शिव्याही घातल्या. थेंब नाही. उलट असा पाय झाडला की चरवी पार उकिरड्यावर जाऊन पडली.

तिचं तरी काय चुकलं म्हणा! दावणीला आली तेव्हापासून तिची धार त्यांनीच काढलेली. रेडकू मेलं तरी त्यांच्या हाताला ती पान्हा सोडायची. ते गोठ्याच्या दारात एकदा खोकायचे, आत येऊन तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "सरक की गं." की ही भिंतीकडं अंग चोरून त्यांना जागा करून द्यायची. मला त्यांनी कधी सडाला हात लावू दिला नाही. "तू शेणघाण बघ, धारंचं मी बघतो," म्हणायचे. शेणाला मी आणि दुधाला ते, अशी आमच्या संसाराची वाटणी.

म्हैस आमच्या एकट्याची असती तर गोष्ट वेगळी. ती बचत गटाच्या पैशातून घेतलेली. कसबा बावड्यात आमच्या गल्लीतल्या बायकांचा हा गट, आणि कोपऱ्यावर गटाचा गाडा. खोल्या करून राहणारी कॉलेजची पोरं सकाळी तिथं दूध पितात, झुणका-भाकरी आणि दही खातात. नियम एकच, गाड्यावरचा माल आपल्याच घरांतून यायला पाहिजे. ज्वारी एकीच्या शेतातली, गूळ दुसरीच्या दिराच्या गुऱ्हाळातला, दूध-दही माझ्या म्हशीचं. "गल्लीचा पैसा गल्लीत फिरू दे," हे आमच्या अक्कांचं ठरलेलं वाक्य. अक्का म्हणजे गटाच्या अध्यक्षा, किराणा दुकान चालवणाऱ्या जैन बाई, माहेरच्या गडहिंग्लजकडच्या. दिवस बुडायच्या आत जेवणार आणि तोंडानं मात्र दिवसभर मिरच्या कांडणार.

म्हैस दूध देईना म्हटल्यावर गुरांचा एक दलाल आला आणि म्हणाला, सुई टोचा, घळाघळा सोडंल. आमच्या गाड्यावर तर पाटीच आहे, सुई मारलेलं दूध इथं मिळणार नाही. अक्कांनी त्याला दारातूनच पिटाळलं. मग माझ्याकडं वळल्या.

"तेरावं हुईस्तवर बघू. न्हायतर म्हस बाजारात जाणार. सगळ्या बायकांचा पैसा हाय त्यात."

बोलणं खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं. मला मूलबाळ नाही, गुंठाभर रान नाही. ती म्हैस गेली की मी दुसऱ्याच्या दारात भांडी घासायला मोकळी.

उपायही अक्कांनीच सांगितला. त्यांच्या आईनं म्हणे असाच केलेला. "त्येंचा सदरा घाल, त्येंच्यागत खोक, त्येंच्यागत बोल. जनावर वासावर जातंय." मेलेल्याचे कपडे आमच्यात घरात ठेवत नाहीत, सगळे देऊन टाकलेले. एकच सदरा गोठ्यात खुंटीवर राहून गेलेला, घामाचा, शेणाचा, तंबाखूचा वास मारणारा. तो मी साडीवरून चढवला, डोक्याला मफलर गुंडाळला. एवढ्या दुःखात मला स्वतःचंच हसू आलं. तमाशातल्या सोंगाड्यासारखी दिसत असणार मी.

दारात जाऊन खोकले. आत गेले, थाप मारली, "सरक की गं" म्हटलं. म्हैस सरकली आणि चरवीत धार वाजली. गाड्यावर दूध पोचलं तेव्हा अक्कांनी देवाला हात जोडले. मी घरी येऊन पोटभर जेवले.

पहिले काही दिवस आनंदातच गेले. मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. म्हैस माझ्याकडं बघायची नाही. माझ्या खांद्यावरून मागं, दाराकडं बघायची. तिथं एखादं माणूस उभं असावं तशी कान टवकारून. एकदा माझी थाप मारायची राहून गेली, तरी तिच्या पुठ्ठ्यावरची कातडी थरथरली आणि ती बाजूला झाली. रोज सरकते तेवढीच नाही. पार भिंतीला टेकून, म्हणजे माझ्यासकट आणखी एकाला जागा होईल अशी. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी मी धार काढत राहिले, कारण दूध येत होतं.

मग शेजारची सून म्हणाली, "काकी, रोज दोनदा का खोकतासा? आदी बाईमाणसाचा खोकला येतोय, मागनं बाप्याचा."

मी एकदाच खोकत होते. "तुझ्या कानात मळ साठलाय," असं म्हणून मी तिला वाटेला लावलं. ती कसली गप्प बसतेय! चार दिवसांत गल्लीभर झालं, मेलेला बाप्या म्हशीची धार काढतोय. पोरं दुधाचे ग्लास तसेच ठेवून उठायला लागली. दही नासलं, भाकरी उरल्या, ज्वारीवाली आणि गूळवाली माझ्याकडं तिरकं बघायला लागल्या. एकीच्या गोठ्यातलं भूत सगळ्यांच्या चुलीवर आलं.

अक्का तडक गोठ्यात आल्या. खुंटीवरचा सदरा उचलला आणि माझ्यादेखत हौदावर नेऊन सोडा-साबणानं घसाघसा धुतला. मी किंचाळले, हाताला धरलं, नाही नाही ते बोलले. जगात त्यांचा वास तेवढ्याच कापडात उरला होता हो! अक्कांनी शांतपणे सदरा पिळला.

"ह्यो खेळ संपीव आता. तुझ्या हातानं दूध काढ, लोकास्नी बघू दे. न्हाय जमलं तर परवाच्या बाजाराला म्हस इकायची."

दुसऱ्या दिवशी मी तोच धुतलेला सदरा घालून गेले. साबणाचा नुसता भपकारा. रागात होते, खोकलेही नाही, बोललेही नाही. आता कुठली सोडतेय पान्हा, असं मनात म्हणत बसले. म्हशीनं दाराकडं मान वळवली, अंग चोरलं, आणि मी हात लावायच्या आत सडांतून दूध ठिबकायला लागलं. दाराजवळ कुणीतरी खोकलं. कोरडा, आखूड, त्यांचाच खोकला.

मी मागं वळले नाही. भीती वाटली, पण भीतीपेक्षा राग मोठा होता.

"आलायसा न्हवं?" मी म्हटलं. "रोज येतासा. म्हशीकडं येतासा! मी तिकडं रात रात जागी पडतीया, एकदा घरात यावं वाटलं न्हाय? जित्तेपणी म्हस, मेल्यावर बी म्हस. तुमच्यापायी बायकांचा गाडा बुडायला लागलाय, ही बाजारात चाललीया, मी रस्त्यावर. जावा तुम्ही. पुन्यांदा ह्या दारात येऊ नगा."

गोठ्यात एकदम गार वाटलं. म्हशीनं बारीक हंबरून दाराकडं बघितलं आणि धार मधेच आटली.

बाजाराच्या दिवशी मी नुसत्या साडीवर गेले. अक्का आणि दोघी-तिघी बाहेर उभ्या होत्या, म्हैस न्यायचा टेम्पोही येऊन थांबलेला. "सरक गं बाई," मी माझ्याच आवाजात म्हटलं. ती हलली नाही, दाराकडं बघत राहिली. मीही बघत राहिले. दारात ऊन आलं होतं. कुणी खोकलं नाही, कुणी आलं नाही. मग तिनं मान वळवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं, सरळ तोंडाकडं. माझा हात हुंगला, भिंतीकडं सरकली. माझ्या एकटीपुरती जागा केली.

धारेचा आवाज ऐकून अक्का बाहेरून ओरडल्या, "सोडला गं बाई, सोडला! टेम्पो माघारी लावा!" बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

आणि तेरा दिवसांत मला आलं नव्हतं तसलं रडू मला तेव्हा फुटलं. म्हशीच्या पोटावर डोकं टेकून मी हंबरडा फोडला. "अवं, खरंच गेलासा व्हय? मी रागानं बोलले की वो. या की माघारी, या की!"

म्हशीनं पाय हलवला नाही. कास मोकळी होईपर्यंत ती माझ्या हाताला दूध देत राहिली.