कॅमेऱ्यासाठी दुसरी प्रार्थना

आजारी बाईला तुम्ही “आणखी एकदा रडा” म्हणाल का? आमच्या ख्रिस्ती मंडळीत आलेल्या नव्या पाळकांनी तसं म्हटलं. साखरा गावात एका म्हाताऱ्या मावशीच्या गुडघ्यासाठी आम्ही प्रार्थना केली होती, पण मोबाइलवर चित्रण नीट आलं नव्हतं.

मावशी म्हणाली, “आता काहून रडू? मघाशी आलं तवा रडले. देव काय मोबाइलमधून बघून राहिला?”

सगळे हसले. मला मात्र शिसारी आली. वडिलांनी छापलेली येशूच्या वचनांची पत्रकं हिंगोलीच्या बसस्थानकावर वाटत मी मोठी झाले. त्यांवर आमचं नावसुद्धा नसायचं. आता पत्रकं बंद झाली होती आणि दर भेटीचा व्हिडिओ हवा होता. ही असली सेवा सोडायचीच, असं ठरवून मी घरी आले.

पाळकांशी भांडायला मुद्दे हवेत म्हणून बायबलमधलं शुभवर्तमान उघडलं. त्यात येशू कुष्ठरोग्याला हात लावून बरं करतो आणि कोणाला सांगू नकोस, अशी ताकीद देतो. मी वाचताना थांबले. ज्याला गाजावाजा नको होता, त्याची सेवा मी गाजावाजा करणाऱ्यांमुळे का सोडावी? माझा विटलेला जीव त्या एका ताकिदीने थाऱ्यावर आला.

दुसऱ्या दिवशी एकटीच साखऱ्याला गेले. मावशीने आधी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग गुडघा पुढे केला.

तुम्ही कोणाच्या घरी प्रार्थनेला जाल, तेव्हा मोबाइल बाहेर चपलांपाशी ठेवा.