भंगलेल्या मूर्तींचा क्लेम

"देवाचा कसला विमा काढतेस?" म्हणून आमचे हे मला सारखे चिडवायचे. पनवेलमध्ये आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. शाडूच्या मूर्ती हे घडवतात, हिशेब आणि कटकटी माझ्याकडे. तयार मालाचा विमा मीच हट्टाने उतरवला होता. आणि यंदा, रंगकाम उरकत आलं असताना, नाल्याचं पाणी कारखान्यात शिरलं. मूर्ती बसल्या जागी खचल्या. कुणाचे पाय गेले, कुणाची सोंड.

विमा कंपनीतर्फे नुकसान बघायला सर्व्हेअर येतो. तो फोनवर एवढंच म्हणाला, "मी येईपर्यंत काही हलवू नका." येणार कधी, ते काही सांगेना. क्लेम मिळाला तरच नवा शाडू येणार, कारागिरांचे पगार निघणार, घेतलेल्या ऑर्डरी पुऱ्या होणार. नाहीतर शटर खाली. शेजारच्या बायका येऊन डोळ्यांना पदर लावायच्या. हे तर जेवेनातच. "डोळे आखलेले देव चिखलात पडलेत," म्हणायचे, "आमी जेवायचं कसं?"

"अहो, अजून प्रतिष्ठा कुठे झालीय? माल आहे तो, माल!" मी म्हटलं. बोलले खरी, पण माझ्याच अंगावर काटा आला.

शेवटी मीच खारघरला गेले. सर्व्हेअरच्या ऑफिसात ठाण मांडून बसले, भांडले, रडले, आणि संध्याकाळच्या आत त्याला त्याच्याच गाडीतून घेऊन आले.

कारखान्याची फरशी धुतलेली. उदबत्तीचा वास. मूर्ती एकही नाही.

"माल कुठाय?" सर्व्हेअरने विचारलं.

"तळ्यात विसर्जन केलं दुपारी," हे म्हणाले. "आरती करून. भंगलेला देव दारात ठेवत नाय आमी."

मग माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले. तुमच्या भक्तीने सगळ्यांच्या पोटावर पाय दिलात, असंही बोलले. मी घाईघाईने मोबाइलमधले फोटो दाखवले.

"यात पाणी दिसतंय, ताई," सर्व्हेअर म्हणाला. "मूर्ती किती गेल्या, ते कशावरून लिहू? उरलंसुरलं काहीतरी दाखवा." माणूस वाईट नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला.

आम्ही तिघं तळ्यावर गेलो. मी साडी खोचून पायऱ्या उतरले आणि पाण्यात हात घातला. नुसता गाळ. बाप्पा, माफ कर, पण काहीतरी दे रे, असं मनात म्हणत चाचपडत होते. आणि मिळाला. आशीर्वादाचा हात, मनगटापासून तुटलेला, नखांवरचा रंग तसाच. विसर्जन केलेला देव कुणी परत काढतं का? मी काढला. हे पायरीवर पाठ फिरवून बसले होते.

सर्व्हेअरने तो हात उलटसुलट करून पाहिला, फोटो काढला. "ठीक आहे. ही एक मूर्ती धरतो."

एक!

हे उठले. चपला काढल्या, वाकून पाण्याला हात लावला, कपाळाला लावला. "थांबा सायेब," म्हणाले, "बाकीचे काढतो."

"अहो, नका! तुम्ही नका उतरू!" मी ओरडले. पण ते ऐकेनात. कमरेइतक्या पाण्यात वाकून, ज्यांचे डोळे स्वतः आखले होते त्यांना शोधत होते, आणि हमसून हमसून रडत होते.