तुरुंगाच्या वहीतला माझा शेरा

शाळेतून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी मला जिल्हाधिकारी कार्यालयाचं पत्र आलं. जिल्ह्यातल्या एका तुरुंगावर अशासकीय अभ्यागत म्हणून माझी नेमणूक झाली होती. सरकारी नोकरीत नसलेल्या माणसानं महिन्यातून एकदा आत जायचं, कैद्यांशी बोलायचं, जेवण-पाणी-औषधं बघायची आणि तिथल्या वहीत शेरा लिहायचा, असं ते काम. माझ्या आधीचे गृहस्थ वर्षभरात एकदाही फिरकले नव्हते म्हणे. आपण तसं करायचं नाही, असं मी ठरवलं. रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या अंगणात बायकांनी अभिनंदन केलं, तेव्हा मला बरंही वाटलं. उगाच कशाला नाही म्हणू?

तिथले तुरुंगाधिकारी सौजन्याचे होते. त्यांची आई शिक्षिका होती, म्हणून मला ‘मॅडम’ न म्हणता ‘बाई’ म्हणायचे. स्वतः बरोबर फिरायचे. बराकीत माणसं इतकी, की रात्री एका कुशीवर झोपायचं आणि कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवायचं. ते त्यांनी आपणहून सांगितलं. वरणाला पाण्याची चव होती. तेही मी चाखलं, बोलले, आणि पुढच्या महिन्यात वरण थोडं दाट झालं. आपल्या येण्याचा उपयोग होतोय, असं मला वाटू लागलं.

तिसऱ्या भेटीत तो मला भेटला. पस्तिशीचा, उंच, उन्हानं रापलेला. पाथर्डीकडचा ऊसतोड कामगार. गावात बांधावरून मारामारी झाली, त्यात त्याचं नाव आलं होतं. कोर्टानं जामीन दिला होता, पण सातबारा घेऊन जामीनदार म्हणून उभं राहायला गावात कुणी नव्हतं. भाऊ, चुलते, बायको, सगळे कारखान्यावर तोडीला गेलेले. घरी एकटी आई, तिच्या नावावर जमीन नाही. ते परत येईपर्यंत हा आत.

“काही त्रास?” मी विचारलं. तुरुंगाधिकारी साहेब माझ्या मागेच उभे होते.

“न्हाई बाई. समदं बरं हाय.”

शब्द जड येत होते, तोंडात काही धरून बोलावं तसे. माझ्यातली शाळामास्तरीण जागी झाली. “जीभ दाखव बघू.”

त्यानं पोरासारखी जीभ बाहेर काढली. कडेला दोन ठिकाणी चावल्याच्या जखमा, एक तर ताजीच. माझ्या वर्गात अशी एक मुलगी चार वर्षं होती, मला कळायला वेळ लागला नाही.

“फिट येते?”

त्यानं आधी साहेबांकडं पाहिलं. मग म्हणाला, “व्हय. रोजच्या गोळ्या हुत्या. आत आल्यापासनं न्हाईत. डाक्टरची चिठ्ठी पाकिटात हुती, पाकीट गेटावर जमा हाय.”

“बाई, आपले डॉक्टर गुरुवारी येतात,” साहेब लगेच म्हणाले. “मी स्वतः सांगतो त्यांना.”

ऑफिसात चहा आला. मी वही उघडून ‘एका बंद्यास’ एवढे दोन शब्द लिहिले, तेवढ्यात साहेब हळूच म्हणाले, “औषधाचं वहीत आलं की वर खुलासा द्यावा लागतो. आठवडा कागदातच जाईल. तोंडी काम लवकर होतं, बाई.”

मला ते पटलं. मुख्याध्यापिका असताना मीही तपासणीला आलेल्या साहेबांपासून शिक्षकांच्या चुका झाकल्या होत्या आणि नंतर गोडीनं सुधारून घेतल्या होत्या. मी ते दोन शब्द खोडले आणि खाली लिहिलं, ‘पाहणी केली. व्यवस्था समाधानकारक.’ सही केली.

निघताना तो नळावर होता. लांबूनच त्यानं विचारलं, “बाई, सांगितलं का?”

“सांगितलं,” मी म्हणाले.

गुरुवारी फोन करून विचारायचं मी ठरवलं होतं. पण त्या आठवड्यात अकोल्याला भाचीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. पाहुणे, स्वयंपाक, धरणावर फिरायला जाणं. त्या सगळ्यात माझा गुरुवार निघून गेला. त्याच्या पुढचाही.

मग एका सकाळी पेपरात आतल्या पानावर चार ओळी दिसल्या. कैद्याचा आजारानं मृत्यू. गावाचं नाव वाचलं आणि चहाचा कप तसाच राहिला.

मी त्याच दिवशी तुरुंगात गेले. साहेबांचा चेहरा उतरलेला होता. पहिल्या गुरुवारी डॉक्टर दुसऱ्या ड्युटीवर होते, दुसऱ्या गुरुवारी आजाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव घालायचं राहून गेलं. रविवारी दुपारी जेवणानंतर फिट सुरू झाल्या, एकीवर एक. बाहेर न्यायला पोलीस गार्ड लागतो, आणि गार्ड बंदोबस्तावर गेलेला. तो येईपर्यंत दोन तास गेले. दवाखान्याच्या वाटेवर गाडीतच सगळं संपलं.

बराकीतला एक म्हातारा कैदी गजांपाशी आला. “आमी ताटल्या वाजवत हुतो, बाई. समद्यांनी. हात सुजले आमचे.” त्याला अजून काही बोलायचं होतं, पण तो रडायला लागला.

चार दिवसांनी मी त्याच्या गावी गेले. एसटीनं पाथर्डी, पुढं जीपनं फाटा, तिथून चालत. कुणी बोलावलं नव्हतं. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं.

पत्र्याच्या घरापुढं त्याची आई बसली होती. वयानं माझ्याएवढीच असेल, पण दिसायला दहा वर्षांनी थोरली. सून तोडीवरून अंत्यविधीला आली होती. ती भिंतीला टेकून होती, माझ्याकडं बघतही नव्हती. मी कोण ते सांगितलं. आईनं पोतं झटकून बसायला दिलं.

“म्हंजी तुमी त्याला बघितलं हुतं?”

“हो, मावशी. तीन आठवड्यांपूर्वी.”

“काय म्हनला?”

“गोळ्या मिळत नाहीत म्हणाला.”

ती उठली, आत गेली आणि रुमालात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. गाठ सोडली. गोळ्यांच्या चार पट्ट्या, नव्या, एकही न फोडलेल्या. “म्या घिऊन गेल्ते. मुलाखतीच्या दिशी, शेरडं शेजारनीला सांगून. भाईरची औषदं चालत न्हाईत म्हनले. डाक्टर लिवून दील तवा घिऊ म्हनले. म्या म्हनलं, पोराला नुसत्या दाखवू तरी द्या, म्हंजी त्याला कळंल आईनं आनल्यात. न्हाई म्हनले.”

भिंतीशी बसलेली सून तेव्हा पहिल्यांदा बोलली. “तुमी लिवायला जात हुता ना तिथं? मंग लिवलं का गोळ्याचं?”

खोटं बोलायला जागा होती. ‘सांगितलं होतं’ हे तर खरंच होतं.

“नाही,” मी म्हणाले. “सगळं ठीक आहे, असं लिहिलं.”

ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिनं नुसतं तोंड फिरवलं. आई पट्ट्या परत रुमालात बांधत राहिली. गाठ बसेना, आणि मदतीला पुढं व्हायची माझी हिंमत झाली नाही. जाताना तिनं मला पाणी दिलं. ते मी प्यायले.

तुरुंगात मृत्यू झाला की न्यायदंडाधिकारी चौकशी करतात. मला साक्षीची नोटीस आली. साक्षीच्या आदल्या दिवशी साहेबांचा फोन. “बाई, तुम्ही लिहिलंय तेवढंच सांगा. माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. मुलीचं लग्न ठरलंय.” आवाज रडवेला होता. तो माणूस दुष्ट नव्हता, हे मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी वही माझ्यापुढं ठेवली गेली. अक्षर माझंच, वळणदार, फळ्यावर लिहायची सवय असलेलं.

“हा शेरा तुमचा?”

“माझा. पण तो खरा नाही.” मग मी जीभ, चिठ्ठी, खोडलेले दोन शब्द, चहा, गुरुवार, अकोला सगळं सांगितलं. लिहून घेणारा कारकून मध्येच थांबून माझ्याकडं बघत राहिला.

अहवाल कित्येक महिन्यांनी आला. मृत्यू नैसर्गिक, औषधोपचारात दिरंगाई, संबंधितांना समज द्यावी. गेटवर नातेवाइकांनी आणलेली औषधं पावती देऊन घ्यावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावीत, अशी एक सूचना शेवटी होती. तेवढी अमलात आली. मुदत संपेपर्यंत मी दर महिन्याला जात राहिले, एकेकाला विचारत, पान-पान लिहीत. मला चहा विचारणं बंद झालं होतं. पुढं माझी नेमणूक कुणी वाढवली नाही.

त्याच्या आईची साक्ष अहवालाच्या बरीच आधी, माझ्यानंतर आठवड्यानं झाली होती. ती एकटीच नगरला आली होती, म्हणून मी तिच्यासोबत कोर्टात बसले आणि नंतर तिला स्टँडवर सोडायला गेले. पाथर्डीची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. मी केळी घेतली होती, तिनं हातात धरून ठेवली, खाल्ली नाहीत.

मग तिनं विचारलं, “तुमी आत जाऊन बघितलंय. तो निजायचा तिथं वारं येत हुतं का?”

मला त्या खोलीतला कोंदट वास आठवला. “नाही मावशी. खिडकी फार उंच आहे. वारा येत नाही.”

तिनं मान हलवली. “लहानपनापासनं भाईर निजायचा तो. घरात जीव घुसमटतो म्हनायचा.”

गाडी लागली. मी तिला हात धरून वर चढवलं. कंडक्टरला तिचा फाटा सांगितला, पाथर्डीला तिकडच्या जीपमध्ये बसवून द्या म्हणाले. ती खिडकीपाशी बसली आणि दोन्ही हातांनी जोर लावून तिनं काच पूर्ण उघडली.